धर्मशाळेत राहण्याची रीत

पोरगं उशिरा घरी आलं, जेवलेलं ताट तसंच टाकून उठलं, की आईच्या तोंडून ठरलेलं वाक्य निघतं : "घर म्हणजे काय धर्मशाळा वाटली का तुला?" खऱ्या धर्मशाळेत मात्र असं वागून चालत नसे. माझी आजी वारीला जायची तेव्हा पंढरपुरात धर्मशाळेत उतरायची. तिथली रीत ती आम्हाला सांगायची. मुक्काम दोन-तीन दिवसांचाच, पाणी आपलं आपण शेंदायचं आणि निघताना चूल सारवून मागून येणाऱ्यासाठी दोन लाकडं ठेवायची.

हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यात याच नावाचं शहर आहे. हिंदीत धरमशाला. डोंगरात येणाऱ्या यात्रेकरूंच्या निवाऱ्यावरून हे नाव पडलं. त्याच्या वरच्या अंगाला मॅकलोडगंज, म्हणजे दलाई लामांचं राहतं गाव. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतं, "मॅकलोडगंजला चाललोय, काय काय बघू?" मी यादी देतो, पण हल्ली यादीच्या आधी थोडं बोलतो. 'जबाबदार पर्यटन' म्हटलं की लोकांना वाटतं, रिकामी बाटली कचराकुंडीत टाकली की झालं. मॅकलोडगंजमध्ये एवढ्यानं भागत नाही. तिथे पाणी, माती, कागदपत्रं, पैसा आणि धर्म एकमेकांत गुंतलेले आहेत. हा गुंता कळला की कसं वागायचं ते वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून तोच जरा उलगडून सांगतो.

उभं गाव

आधी गावाची ठेवण बघू. खाली कोतवाली बाजार आणि जिल्ह्याची कचेरी. त्याच्या वर चढणीवर गांगचेन कीशोंग, जिथे निर्वासित तिबेटींच्या प्रशासनाची कार्यालयं आणि तिबेटी ग्रंथालय आहे. आणखी वर मॅकलोडगंज. तिथून एका बाजूला भागसूनाग, दुसऱ्या बाजूला धरमकोट. धरमकोटच्या वर त्रिउंडची वाट लागते आणि तिच्याही माथ्यावर धौलाधारचे चार-साडेचार हजार मीटर उंचीचे कडे. सगळं एकाच उतारावर. आपल्याकडची गावं बहुतेक आडवी पसरतात. हे गाव उभं आहे.

उभ्या गावात वरून टाकलेली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी दारात जाते. धरमकोटच्या गेस्ट हाऊसचं सांडपाणी, भागसूच्या ओढ्यात भिरकावलेलं चिप्सचं पाकीट, रस्त्याकडेला धुतलेल्या गाडीचं तेलकट पाणी, सगळं उताराच्या वाटेनं खाली जातं. तिथे कुणाचं शेत असतं, कुणाचा पाण्याचा झरा.

त्यात पावसाची भर. आपल्याला घाटमाथ्याचा पाऊस माहीत आहे : अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीला धडकतात आणि महाबळेश्वरला कोसळतात. धौलाधार तेच करतो. सपाटीवरून येणारे मोसमी ढग एकदम भिंत समोर आल्यासारखे उंच चढतात, थंड होतात आणि बरसतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या चौपट. तरीही मे-जूनमध्ये इथे पाण्याची ओढ लागते, टँकर धावतात. कोकणातल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. जिथे सर्वाधिक पाऊस, तिथेच उन्हाळ्यात घसे कोरडे. तीव्र उतारावरून पाणी काही तासांत वाहून जातं. जे जमिनीत मुरतं तेच पुढे झऱ्यांना येतं, आणि मुरायला मोकळी जमीन, झाडं, पालापाचोळा लागतो. त्याच जमिनीवर आता हॉटेलांचे मजले आणि पार्किंगचे कठडे उभे राहिले आहेत. पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी मे-जूनमध्ये, झरे सर्वाधिक आटलेले तेही मे-जूनमध्येच.

म्हणून माझं पहिलं सांगणं : जमलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. पाऊस संपलेला असतो, झरे भरलेले असतात, हवा इतकी स्वच्छ की धौलाधारची प्रत्येक घळ मोजून घ्यावी. मेमध्येच सुटी मिळत असेल तर बादलीनं आंघोळ करा, टॉवेल रोज बदलून मागू नका आणि बाथटबवालं हॉटेल शोधू नका.

उताराची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. ४ एप्रिल १९०५ च्या पहाटे कांगड्यात भूकंप झाला आणि वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. मॅकलोडगंजची जवळजवळ सगळी घरं पडली. रस्त्याला देवदारांत 'सेंट जॉन इन द विल्डरनेस' हे चर्च लागतं. त्याचा घंटेचा मनोरा तेव्हाच कोसळला, चर्च तेवढं उभं राहिलं. तिथे जाल तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या आणि मग मागे वळून बाजाराकडे बघा. त्याच कमकुवत उतारावर, एकाला एक खेटून, चार-चार, पाच-पाच मजल्यांच्या इमारती. माती भुसभुशीत, खाली पाटीचा ठिसूळ दगड, आणि शोषखड्ड्यांचं पाणी रात्रंदिवस आत झिरपतंय. माळीण आणि इर्शाळवाडी बघितलेल्या आपल्या राज्यातल्या माणसाला ओल्या डोंगराची भीती समजावून सांगावी लागत नाही.

१२ जुलै २०२१ ला भागसूमध्ये जे झालं त्याचे व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिले असतील. सकाळच्या ढगफुटीसारख्या पावसात नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं आणि उभ्या गाड्या खेळण्यासारख्या वाहून गेल्या. नाला नेहमीचाच होता, पण त्याच्या काठांवर बांधकामं सरकत सरकत आत आली होती, त्याला पसरायला जागा उरली नव्हती. खोली घेताना 'नदीचा आवाज येईल अशी' मागणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अशा मागणीतूनच नाल्याच्या काठी पुढचं हॉटेल उभं राहतं.

याच खोऱ्यात, सिद्धबाडीला, दीदी काँट्रॅक्टर राहत होत्या. जन्म अमेरिकेतला. लग्नानंतर आधी नाशिकला आणि मग मुंबईत जुहूला त्यांनी बरीच वर्षं काढली, आणि पुढे कांगड्यात येऊन माती, बांबू आणि पाटीच्या दगडाची घरं बांधली. स्थापत्याचं कसलंही औपचारिक शिक्षण नव्हतं. स्थानिक गवंड्यांचं कसब आणि स्थानिक माती हेच त्यांचं भांडवल. २०१९ मध्ये त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. भागसूचा पूर आला त्याच महिन्यात त्या गेल्या. मातीच्या भिंतींची, पाटीच्या छपराची, एक-दोन मजल्यांची घरं या खोऱ्यात अजून आहेत आणि त्यांतली काही पाहुण्यांना खोल्या देतात. थोडं शोधावं लागतं, पण त्या घरात सकाळी जाग येते तेव्हा शोधाशोध सार्थकी लागल्यासारखी वाटते.

तिबेट इथे कसा आला

भूकंपानंतर इंग्रजांनी कचेऱ्या खाली हलवल्या आणि मॅकलोडगंज ओस पडलं. स्वातंत्र्यानंतर तर उरलेसुरले साहेबही गेले. मुख्य चौकातलं १८६० पासूनचं नवरोजी नावाच्या पारशी कुटुंबाचं दुकान तेवढं टिकून होतं. मार्च १९५९ मध्ये तिबेटची राजधानी ल्हासात चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला, तेवीस वर्षांचे दलाई लामा हिमालय ओलांडून तवांगच्या बाजूनं भारतात आले आणि वर्षभर मसुरीला राहिले. त्यांच्यासाठी कायमची जागा शोधणं चालू असताना या दुकानाच्या मालकांनी, एन. एन. नवरोजींनी, सरकारला कळवलं की आमचं गाव रिकामं आहे, इथे घरं आहेत. एप्रिल १९६० च्या अखेरीस दलाई लामा तिथे पोचले.

त्यांच्या मागोमाग आलेले हजारो तिबेटी तेव्हा हिमालयातले रस्ते बांधायच्या कामावर होते. खडी फोडायची, दरड कोसळली तर मरायचं, मुलं रस्त्याच्या कडेला. १७ मे १९६० ला जम्मूकडच्या अशाच छावण्यांमधून एक्कावन्न मुलं धरमशालेत आली, आजारी आणि कुपोषित. दलाई लामांच्या थोरल्या बहिणीनं, त्सेरिंग डोल्मांनी, त्यांना सांभाळायला घेतलं. त्यातूनच तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज ही संस्था उभी राहिली. आज धरमशालेतल्याच दल सरोवराजवळ (श्रीनगरचं नव्हे) जी शाळा दिसते ती तीच. तिच्या फाटकातून आत डोकावून मुलांचे फोटो काढणारे लोक बघितले की मला त्या एक्कावन्न मुलांची आठवण येते.

'छोटा ल्हासा' हा शब्द टूर कंपन्यांना फार आवडतो. तो ऐकून माणूस जत्रेतला देखावा बघायच्या तयारीनं येतो. पण इथले लोक देखावा मांडून बसलेले नाहीत. त्यांचं गाव त्यांच्यापासून तुटलेलं आहे आणि ते पासष्टहून अधिक वर्षं वाट बघत आहेत.

पिवळी पुस्तिका

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे याची माहिती जवळजवळ नसतेच.

धरमशालेत जन्मलेला, हिंदी तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईनं बोलणारा, क्रिकेटवर तासभर भांडणारा तिबेटी तरुण कागदोपत्री बहुधा परदेशी असतो. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं. सगळे त्याला 'आरसी' म्हणतात. ठरावीक मुदतीनं ते नवं करून घ्यावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाची ओळख-पुस्तिका मिळते आणि विमानतळावरच्या प्रत्येक खिडकीपाशी ती समजावून सांगावी लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्यांना कायद्यानं जन्मानेच नागरिकत्व आहे. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका तिबेटी तरुणीच्या बाजूनं तसा निकाल दिला. काहींनी ते घेतलं. अनेकांनी जाणूनबुजून घेतलं नाही, कारण निर्वासित म्हणून असलेली ओळख सोडली तर परतीचा दावाच सोडल्यासारखं होईल असं त्यांना वाटतं. घरोघरी यावर वाद आहेत, बाप आणि लेकामध्ये आहेत.

त्यांचं स्वतःचं निवडून दिलेलं प्रशासन आहे. जगभर विखुरलेले तिबेटी दर पाच वर्षांनी मतदान करून 'सिक्योंग', म्हणजे या प्रशासनाचा प्रमुख, निवडतात. २०११ मध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार स्वतःहून सोडून दिले आणि ते सिक्योंगकडे गेले. या प्रशासनाला जगातल्या एकाही देशाची अधिकृत मान्यता नाही. तरी ते शाळा, दवाखाने, वृद्धाश्रम चालवतं.

याचा तुमच्या सहलीशी काय संबंध? फार जवळचा आहे. परदेशी नागरिकाला इथे सहजासहजी जमीन घेता येत नाही. हिमाचलात तर १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ मुळे बाहेरच्या राज्यातल्या भारतीयालाही परवानगीशिवाय जमीन मिळत नाही. त्यामुळे तिबेटी माणसाचं कॅफे, दुकान, गेस्ट हाऊस बऱ्याचदा भाड्याच्या जागेत असतं, तेही कायम अनिश्चिततेच्या सावटाखाली. बरेच तरुण युरोप-अमेरिका-कॅनडाला निघून जात आहेत. पूर्वी तिबेटातून दरवर्षी दोन-तीन हजार माणसं हिमालय ओलांडून यायची. २००८ च्या उठावानंतर चीननं सीमा आवळली आणि हा ओघ जवळपास थांबला. म्हणजे वरून येणं बंद आणि खालून जाणं चालू. तुम्ही ज्या 'तिबेटी गावात' चालला आहात तिथले तिबेटी दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून पैसा कुठे खर्च होतो हे बघायला हवं. बाजारात 'तिबेटी' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी वस्तू कारखान्यातून आलेल्या असतात. विकणारा पोट भरण्यासाठीच विकतो, त्याला दोष नाही. पण तुम्हाला तिबेटी कारागिराचं काम हवं असेल तर जोगीवाडा रस्त्यावरच्या तिबेटी हस्तकला केंद्रात जा. तिथे बायका मागासमोर ओळीनं बसून गालिच्याच्या गाठी मारतात. एक गाठ, सुरीचा एक फटका, पुन्हा एक गाठ. मी घड्याळ लावून बघत बसलो होतो. अर्ध्या तासात नक्षी बोटभरसुद्धा वर सरकली नव्हती. खाली सिधपूरजवळ नॉर्बुलिंगका संस्था आहे, १९८८ मध्ये सुरू झालेली. तिथे थांका म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं, लाकडी कोरीवकाम आणि कापडी जोडकाम शिकवतात. मूर्तीची मापं शास्त्रात ठरलेली असतात, ती रेघ चुकवून चालत नाही. शिकायला वर्षं लागतात आणि एका चित्राला महिने. किंमत ऐकून "एवढे?" असं तोंडातून निघण्याआधी पैठणीच्या विणकराला आपण काय म्हणतो ते आठवावं.

खाण्याचंही तसंच. मोमो आता आपल्या गल्लीतही मिळतात. तिथे थेंथुक मागा. हातानं तोडलेल्या कणकेच्या चपट्या तुकड्यांचं गरम सूप असतं ते. तिंगमो मागा, म्हणजे वाफवलेला पदरी पाव. लोण्याचा खारट चहा पहिल्या घोटाला विचित्र लागेल, पण एकदा घेऊन बघा. आणि एखादा दिवस कांगडी धाम मिळते का ते विचारा : पत्रावळीवर राजमा-चण्याचं मदरा, आंबटगोड खट्टा, भात.

कारण धाम ज्यांची, ते या गोष्टीतले मूळ यजमान आहेत आणि पर्यटक त्यांना विसरून जातात. धौलाधारच्या कुशीत गद्दी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. मेंढपाळ लोक. उन्हाळ्यात इंद्रहारसारख्या खिंडी ओलांडून चंबा-लाहौलच्या कुरणांकडे, थंडीत कांगड्याच्या सखल भागात. भागसूनागच्या देवळावर त्यांची श्रद्धा आहे, त्रिउंडची वाट त्यांच्या मेंढरांनी पाडली आहे. तिबेटींना जागा मिळाली ती यांच्या शेजारात. इतक्या वर्षांत खटके उडाले, तरी एकत्र राहणं मोडलं नाही. तिबेटी पाहुणे आहेत आणि आपण पाहुण्यांच्या घरी आलेले पाहुणे. त्रिउंडवर जाताना एखाद्या गद्दी बाबांच्या टपरीत बसून चहा घ्या, रस्ता त्यांनाच विचारा. वर मुक्कामाला आणि तंबूला निर्बंध असतात, ते वेळोवेळी बदलतात. निघण्याआधी चौकशी करा आणि पावसाळ्यात त्या वाटेला जाऊच नका.

देवळात

दलाई लामांच्या निवासासमोर त्सुगलाखांग हे मुख्य मंदिर आहे. साधं, पिवळट रंगाचं, ल्हासाच्या भव्य मंदिरांची आठवण ठेवून केलेलं. आत शाक्यमुनी बुद्ध, तिबेटात धर्म नेणारे गुरू पद्मसंभव आणि करुणेचे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर.

त्याच्याभोवती डोंगराच्या कडेनं देवदारांतून एक वाट जाते. तिला कोरा म्हणतात, म्हणजे आपली प्रदक्षिणाच, आणि दिशाही आपलीच, उजवीकडून. सकाळी सहा-साडेसहाला जा. काठी टेकत आज्या निघालेल्या असतात. एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात मणीचक्र, म्हणजे आत मंत्र भरलेलं फिरतं चक्र, ओठांवर 'ओम मणी पद्मे हुम्'. वाटेत मंत्र कोरलेले दगड रचलेले आहेत, त्यांनाही उजवीकडे ठेवून जायचं. मोठी चक्रं उजव्या हातानं फिरवायची. आपल्या देवळात जो वळसा घालतो तो इथेही घातला की चुकायचं फारसं काही उरत नाही. फक्त फोनवर मोठ्यानं बोलत आणि उलट्या दिशेनं सेल्फी घेत येऊ नका. त्या अरुंद वाटेवर आज्यांना थांबून अंग चोरावं लागतं.

वयस्कर बाईंना 'आमा-ला' म्हणा, पुरुषांना 'पा-ला'. हा 'ला' म्हणजे आपला 'जी', आदराचा. 'ताशी देलेक' म्हटलं की रामराम झाला, 'थुकजे छे' म्हटलं की आभार. एवढ्या तीन-चार शब्दांनी चेहरे उजळतात, हे मी स्वतः पाहिलंय.

रंगीत पताकांना लुंगता म्हणतात. निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा, म्हणजे आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी. त्यांवर मंत्र छापलेले असतात आणि वाऱ्यानं ते चहूकडे पोचावेत ही भावना. म्हणून त्या जमिनीवर टाकायच्या नाहीत, ओलांडायच्या नाहीत. जुन्या झाल्या की तिबेटी लोक त्या जाळतात. पर्यटकांनी डोंगरावर बांधलेल्या पॉलिएस्टरच्या पताका मात्र कुजतही नाहीत. त्यांच्या चिंध्या झाडांत अडकून राहतात. बांधायच्याच असतील तर सुती घ्या, आणि कुठे बांधायच्या ते तिथल्याच माणसाला विचारा.

मंदिराच्या आवारात कधी भिक्षूंचा वाद रंगलेला दिसेल. एक जण खाली बसतो, दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो. प्रश्न संपता संपता डावा पाय आपटतो आणि उजव्या हाताची टाळी डाव्या तळव्यावर कडाडते. आता उत्तर दे, असा त्याचा अर्थ. भांडण वाटेल, पण ती तर्कशास्त्राची शिकवणी आहे. भिंतीला टेकून गुपचूप बसलात तर कुणी हटकणार नाही.

दलाई लामांच्या प्रवचनांच्या तारखा आधी जाहीर होतात आणि ओळखपत्र दाखवून नाव नोंदवावं लागतं. त्यावेळी फोन-कॅमेरा आत नेता येत नाही. भाषांतर एफएमवर ऐकू येतं, त्यासाठी छोटा रेडिओ आणि बसायला आसन बरोबर न्या. महाराष्ट्रातून दीक्षाभूमीची परंपरा मानणारे बौद्ध मोठ्या संख्येनं इथे येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये दलाई लामा स्वतः औरंगाबादच्या बौद्ध परिषदेला आले होते. बाबासाहेबांनी दिलेला धम्म आणि तिबेटी पूजाविधी यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर ठाऊक असून शेजारी बसून ऐकणारी आपली माणसं तिथे पाहिली की मला फार बरं वाटतं.

कॅमेरा खाली ठेवावा असे प्रसंग

१० मार्चला १९५९ च्या उठावाची आठवण म्हणून मोर्चा निघतो. काही जण तोंड झाकून चालतात. कारण साधं आहे : त्यांचे आईवडील, भावंडं अजून तिबेटात आहेत. इथला एखादा चेहरा नेटवर ओळखला गेला तर तिथल्या घरच्यांना त्रास होऊ शकतो. २००९ पासून तिबेटात दीडशेहून अधिक लोकांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यांतल्या अनेकांची नावं, वयं इथल्या लोकांना तोंडपाठ आहेत. तुमच्यासाठी तो सहलीतला एक रंगीत फोटो असेल. आधी विचारा, आणि मान हलली नाही तर नकार समजा. रोजच्या दिवशीसुद्धा नव्यानं आलेल्या माणसाला "तुम्ही कसे पळून आलात?" हा प्रश्न चहाच्या टेबलावर टाकू नका. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

चौकात लहान मूल कडेवर घेऊन बाई येते आणि पैसे नकोत, दुधाची पावडर घेऊन द्या म्हणते. डबा बऱ्याचदा पुन्हा दुकानात जातो. ही माणसं कोण, याची चौकशी मी एकदा केली आणि गप्प झालो. खालच्या चरान खड्डच्या झोपडपट्टीत वर्षानुवर्षं राहिलेली कितीतरी कुटुंबं राजस्थानातून आणि आपल्या महाराष्ट्रातून आलेली होती. २०१६ मध्ये ती वस्ती हटवली गेली. त्या मुलांना शाळेत घालण्याचं काम एका तिबेटी निर्वासित भिक्षूनं सुरू केलेली टोंगलेन ही संस्था करते. टोंगलेन म्हणजे देणं-घेणं : श्वास आत घेताना दुसऱ्याचं दुःख घ्यायचं, सोडताना आपलं सुख द्यायचं, असं ते ध्यान. ज्याला स्वतःचा देश नाही असा माणूस आपल्या मुलखातून गेलेल्या लेकरांना शिकवतो. पैसे द्यायचेच असतील तर मुलांच्या शाळेसाठी अशा ठिकाणी द्या.

थोडं व्यवहाराचं

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं पठाणकोट कँटला उतरता येतं, तिथून नव्वदेक किलोमीटर बस किंवा टॅक्सी. कांगडा खोऱ्यातली छोटी रेल्वे सुंदर आहे, पण ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा तिचा पूल कोसळला. गाडी कुठून सुटते ते निघण्याआधी विचारून घ्या. स्वतःची मोटार मॅकलोडगंजच्या चौकात नेण्यात कसलाही आनंद नाही. गल्ल्या एका गाडीच्या रुंदीच्या. २०२२ पासून खालच्या धरमशालेतून वर यायला रोपवे आहे.

कचऱ्याचं म्हणाल, तर हिमाचलात प्लास्टिकच्या पिशव्यांवर फार आधीपासून बंदी आहे आणि २०२५ पासून पर्यटकांच्या टॅक्सीत कचऱ्याचा डबा ठेवणं सक्तीचं झालं आहे. तिबेटी कल्याण कार्यालयानं तर १९९० च्या दशकातच 'ग्रीन वर्कर्स' नेमून घरोघरचा सुका कचरा वेगळा गोळा करायला सुरुवात केली होती. तुम्ही आपली बाटली घरून न्या, कॅफेत पाणी भरून मिळतं. ओले टिश्यू, डायपर, पॅड यांचं वजन किरकोळ असतं. डोंगरावर टाकलं तर पुढच्या पावसात खालच्या झऱ्यात असतं. पिशवीत बांधून पठाणकोटपर्यंत आणलंत तरी पुष्कळ.

धरमकोटला विपश्यनेचं केंद्र आहे, आपल्या इगतपुरीच्याच परंपरेतलं. त्या बाजूला गाणी लावून चढू नका. आत माणसं दहा दिवस मौन धरून बसलेली असतात.

आणि हिवाळ्यात गेलात तर बरीच तिबेटी दुकानं बंद दिसतील. ही माणसं तेव्हा आपल्याकडे आलेली असतात. नागपूर, पुणे, नाशिक, कुठेही दिवाळीनंतर मैदानावर पत्र्याचे आणि ताडपत्रीचे गाळे लागतात, लुधियानाहून आणलेले स्वेटर टांगले जातात. आपण त्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणतो, तेवढं तरी सोडायला हवं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तर १९७२ पासून तिबेटींची वसाहतच आहे, नोर्ग्येलिंग नावाची, आणि तिथली पोरं झाडीपट्टीतल्या मराठीत बोलतात. जानेवारी सरता सरता गाळे आवरले जातात, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसार, त्यांचं नवं वर्ष असतं आणि त्याआधी घरी पोचायचं असतं.

गेल्या वेळी मी नोव्हेंबरात धरमशालेहून परतलो आणि आठवडाभरानं मुलीसाठी टोपी घ्यायला त्या मैदानावर गेलो. गाळ्यातल्या बाई साठीच्या होत्या. "ताशी देलेक, आमा-ला," म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून नीट बघितलं आणि कुठून आलात विचारलं. मी सांगितलं. मग टोपीचा भाव राहिला बाजूलाच. आधी मंदिरासमोरच्या उताराचं काम झालं का, मग बाजारात पाणी रोज येतं का. मी म्हणालो, निघालो त्या सकाळी वरच्या कड्यावर बर्फाची पांढरी रेघ दिसत होती. सुटे पैसे मोजता मोजता त्यांचा हात थांबला.

"इंद्रहारच्या बाजूला की पलीकडे?"